बोर्डोच्या गावाला

लहानपणी ‘बोर्डो’ म्हणजे माझ्यासाठी निळं पाणी होतं, द्राक्षबागेवर बुरशी येऊ नये म्हणून फवारायचं. निफाड तालुक्यातल्या आमच्या मळ्यात विहिरीशेजारी दोन प्लास्टिकचे ड्रम असायचे. एकात आप्पा मोरचुदाचे, म्हणजे तांब्याच्या क्षाराचे निळे खडे फडक्यात बांधून रात्रभर टांगून ठेवायचे, दुसऱ्यात कळीचा चुना विरत पडलेला असायचा. सकाळी दोन्ही एकत्र करून लाकडी दांडक्याने ढवळायचं काम आप्पांचं, आणि त्यात विळा बुडवून बघायचं काम माझं. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून निवळी ओता. पातं होतं तसंच राहिलं तर पंप भरा. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. पाढे पाठ व्हायच्या आधी मला हे प्रमाण पाठ होतं. फवारणी करून आप्पा जेवायला बसले की त्यांच्या नखांच्या कडा निळ्या दिसायच्या.

हे एका गावाचं नाव आहे, ते गाव फ्रान्समध्ये आहे आणि तिथले लोक त्याला ‘बोर्दो’ म्हणतात, हे फार पुढे कळलं. नोकरीमुळे गेली चार वर्षं मी तुलूझला राहते. या जूनमध्ये आई-आप्पा पहिल्यांदा आले. पॅरिसला जायचं का विचारलं, तर आप्पा म्हणाले, “ते राहू दे ताई. एवढ्या लांब आलोच आहे तर बोर्डोचं गाव दाखव.”

आप्पा माळकरी. आषाढीच्या आत घरी पोचायचं म्हणून परतीचं तिकीट आधी काढून मगच ते विमानात बसले होते. वाईनच्या राजधानीत त्यांना न्यायचं या विचाराने मी जरा बिचकलेच. त्यांना मात्र त्यात काही अडचण वाटत नव्हती. “त्यांची वाईन त्यांना लखलाभ. मला त्यांची बाग बघायचीय, आणि ज्यानं हे औषध काढलं तो कुठं राहायचा ते बघायचंय.” आई नातवापाशी थांबली आणि आम्ही दोघं चार दिवसांसाठी निघालो.

पहिला दिवस

तुलूझ ते बोर्दो रेल्वेने दोन-सव्वादोन तास. रूळ बराच वेळ गारोन नदीच्या खोऱ्यातून जातात. वाटेत मुआसाक लागतं. तिथली शास्ला जातीची द्राक्षं खाण्यासाठीच पिकवतात, वाईनसाठी नाही, हे सांगितल्यावर आप्पा खिडकीला चिकटले. ते स्वतः थॉमसनवाले, म्हणजे खायच्या द्राक्षांचे शेतकरी. वाईनच्या देशात आपल्या जातीचं कुणीतरी भेटल्यासारखं त्यांना झालं असावं.

बोर्दो जवळ आलं तशा द्राक्षबागा वाढत गेल्या, पण मधेच काही रानं मोकळी दिसायला लागली. तारांचे खांब उपटून बांधावर रचलेले, जमीन उघडी. मी मोबाईलवर शोधून आप्पांना वाचून दाखवलं. लाल वाईनची मागणी घटल्यामुळे 2023 पासून इथल्या शेतकऱ्यांना बाग काढून टाकायला हेक्टरी 6,000 युरो मदत देण्यात आली आणि हजारो हेक्टरवरच्या वेली मुळासकट निघाल्या. आप्पा काही बोलले नाहीत. 2014 च्या गारपिटीनंतर आमची एक एकर बाग त्यांनी स्वतः कुऱ्हाडीने तोडली होती. गड्यांना हात लावू दिला नव्हता. ते रान मागे जाईपर्यंत ते त्याच्याकडे बघत राहिले.

संध्याकाळी हॉटेलात सामान टाकून ‘पाँ द पिएर’वर, म्हणजे दगडी पुलावर गेलो. नेपोलियनच्या हुकमावरून बांधायला घेतलेला आणि 1822 मध्ये पुरा झालेला हा शहरातला पहिला पूल. त्याच्या आधी नदी ओलांडायला होडीच लागायची. कमानी सतरा. ‘नेपोलियाँ बोनापार्त’ ही अक्षरं फ्रेंचमध्ये लिहून मोजली तर तीही सतराच भरतात, हे इथले लोक आवर्जून सांगतात.

आप्पांचं लक्ष कमानींपेक्षा पाण्यावर होतं. गढूळ, चहासारखं पाणी. “ताई, ही नदी उलटी वाहतेय.” मला वाटलं, भास असेल. पण एक ओंडका खरंच समुद्राच्या बाजूने शहराकडे वर चालला होता. समुद्र इथून शंभरेक किलोमीटर लांब, तरी भरतीचं पाणी इथवर चढतं. या शहराची सगळी श्रीमंती त्या ओंडक्याच्याच वाटेने आली. भरतीबरोबर जहाजं वर यायची, पिंपं भरून घ्यायची आणि ओहोटीबरोबर खाली जायची.

दुसरा दिवस

सकाळी दहाला ग्रां तेआत्रसमोर पायी सहल सुरू झाली. आम्ही पंधराएक जण होतो. वाट दाखवणाऱ्या बाई इथल्याच, इतिहास शिकलेल्या. त्या इंग्रजीत बोलायच्या आणि मी आप्पांच्या कानाशी मराठीत सांगायची. पहिल्या दहा मिनिटांतच त्यांच्या हे लक्षात आलं. तेव्हापासून प्रत्येक वाक्यानंतर त्या माझं संपेपर्यंत थांबायच्या. त्या थांबण्याने मला फार बरं वाटलं.

नाट्यगृह 1780 मधलं, वास्तुकार व्हिक्टर लुई. समोर बारा खांब आणि वर बारा दगडी स्त्रिया. नऊ कलादेवता, बाकीच्या तिघी जुनो, व्हीनस आणि मिनर्व्हा. बाईंनी मात्र आधी पायाखाली बोट दाखवलं. रोमन काळात या गावाचं नाव बुर्डिगाला होतं आणि याच जागेवर तेव्हाची एक भव्य वास्तू उभी होती. चौदाव्या लुईच्या हुकमावरून 1677 मध्ये ती पाडली. जवळच्या किल्ल्यातल्या तोफांसमोर तिची अडचण होत होती.

तो किल्ला म्हणजे शातो त्रोंपेत. आज तिथे केंकोंस नावाचं बारा हेक्टरांचं मोकळं पटांगण आहे. किल्ला कुणाविरुद्ध होता, या प्रश्नाचं उत्तर ऐकून मला नवल वाटलं. परक्या शत्रूविरुद्ध कमी, बोर्दोच्या लोकांवर डोळा ठेवायला जास्त. एलेनॉर ही इथल्या ड्यूकची मुलगी आणि या मुलखाची वारस. तिचं पहिलं लग्न 1137 मध्ये याच शहरातल्या सेंट आंद्रे कॅथेड्रलमध्ये फ्रान्सच्या युवराजाशी झालं. 1152 मध्ये ते रद्द झालं आणि काही आठवड्यांतच तिने हेन्री प्लांटाजेनेटशी लग्न केलं. दोन वर्षांनी तो इंग्लंडचा राजा झाला आणि बोर्दो इंग्लंडच्या पदरात गेलं, ते थेट 1453 पर्यंत. त्या तीनशे वर्षांत दर हिवाळ्यात गलबतांचे ताफे वाईन भरून इंग्लंडला निघायचे. इंग्रज तिला ‘क्लॅरेट’ म्हणत. जहाज किती मोठं, हेही त्यात वाईनची किती पिंपं मावतात त्यावर मोजत आणि ‘टन’ हा शब्द त्याच पिंपावरून आला. शेवटी फ्रान्सच्या राजाने शहर जिंकलं तेव्हा शहराला आनंद झाला नाही, म्हणून उरावर किल्ला बांधला.

“गिऱ्हाईक गेलं ना त्यांचं,” आप्पा म्हणाले. “राजा कुठला का असेना.”

हे ते उगाच बोलले नव्हते. 2010 मध्ये युरोपने आपल्या द्राक्षांत सीसीसी या संजीवकाचा अंश सापडल्यावर माल नाकारला होता. त्या हंगामात आमच्याकडे पॅकिंग झालेल्या पेट्या शेडमध्ये तशाच पडून होत्या आणि आप्पा रात्री उठून त्यांच्याजवळ जाऊन बसायचे. समुद्रापलीकडचं एकच गिऱ्हाईक हात आखडता घेतं, तेव्हा गावात काय होतं ते आम्ही पाहिलंय. मी हे बाईंना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं आणि मग त्याचीच दुसरी बाजूही सांगितली. बोर्दोच्या व्यापाऱ्यांना असा हक्क होता की त्यांची स्वतःची वाईन विकली जाईपर्यंत नदीच्या वरच्या अंगाची, म्हणजे काहोर, गायाक भागातली वाईन बंदरात उतरूच द्यायची नाही. तोवर हंगामातली पहिली जहाजं भरून गेलेली असायची. हा हक्क 1776 पर्यंत टिकला. मी राहते त्या तुलूझपासून गायाक तासाभरावर आहे. एवढ्या दिवसांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

तिथून नदीकाठाने प्लास द ला बुर्स. फोटोंत बोर्दो म्हणून जे दिसतं ते हेच. 1730 नंतर गाब्रिएल बापलेकांनी हा चौक उभारला. मध्ययुगीन तट फोडून शहराने नदीकडे तोंड केलं ते इथे. मधासारख्या रंगाचा चुनखडीचा दगड. पूर्वी हा सगळा काजळीने काळा पडला होता आणि समोर गोदामं, गाड्या यांची गर्दी असायची. गेल्या तीसेक वर्षांत दगड धुऊन काढले, काठ मोकळा केला, 2003 मध्ये ट्राम आणली. जुन्या भागात ट्रामच्या तारा डोक्यावर दिसत नाहीत, वीज रुळांमधल्या पट्टीतून येते. 2007 मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं ते ‘चंद्राचं बंदर’ म्हणून, कारण नदी इथे चंद्रकोरीसारखी वळते.

चौकासमोर जलदर्पण आहे. 3,450 चौरस मीटर काळसर ग्रॅनाइट, त्यावर फक्त दोन सेंटिमीटर पाणी. थोडा वेळ पाणी, मग ते झिरपून जातं आणि फरशीतून धुकं उठतं, मग पुन्हा पाणी. आप्पांनी वहाणा काढून हातात घेतल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि आत गेले. पांढरी टोपी, पांढरा सदरा आणि पायाखाली उलटा दिसणारा राजवाडा. आसपासची पोरं पाणी उडवत होती, एकाने त्यांनाही भिजवलं. मी आजवर त्यांचे काढलेले सगळे फोटो एकीकडे आणि हा एकीकडे.

चौकातल्या इमारतींच्या प्रत्येक कमानीवर दगडी चेहरा आहे. समुद्रदेव, दाढीवाले म्हातारे, हसऱ्या बायका. बाईंनी काही चेहऱ्यांकडे वेगळं बोट दाखवलं. आफ्रिकन स्त्रिया-पुरुषांचे चेहरे. मग त्या आम्हाला काठावर थोडं पुढे, एका ब्राँझच्या पुतळ्यापाशी घेऊन गेल्या. साध्या वस्त्रातली एक उभी स्त्री. तिचं मूळ नाव अल पुएस्सी. अठराव्या शतकात पूर्व आफ्रिकेतून तिला पकडून नेलं. बोर्दोच्या तेस्तास नावाच्या दोघा भावांनी तिला विकत घेतलं आणि सेंट-डोमिंग, म्हणजे आजच्या हैतीत नेलं. तिथे तिचं नाव मोदेस्त तेस्तास झालं. पुढे मालकाच्या मृत्युपत्राने तिची सुटका झाली. तिचा नातू हैतीचा राष्ट्राध्यक्ष झाला. पुतळा 2019 मध्ये बसवला. बोर्दोच्या जहाजांनी सव्वा ते दीड लाख माणसं आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेली. त्याहून मोठा व्यापार इथून वाईन आणि पीठ पाठवायचं आणि त्या गुलामांनी पिकवलेली साखर-कॉफी आणायची, असा होता. मघाशी पाण्यात उलटा बघितलेला राजवाडा त्या पैशातून उभा राहिला.

आप्पांनी पुतळ्यासमोर हात जोडले. बाई पुढचं बोलायच्या थांबल्या आणि सगळा गट तसाच गप्प उभा राहिला. अशा सहलींत हा भाग दोन वाक्यांत उरकता आला असता. बाईंनी त्याला वीस मिनिटं दिली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

त्यानंतरच्या गल्ल्या मी भराभर सांगते, कारण आमचं मन मागेच राहिलं होतं. पोर्त कायो हा 1495 चा टोकदार मनोऱ्यांचा दरवाजा एखाद्या लहान मुलाने काढलेल्या किल्ल्यासारखा आहे. ग्रोस क्लोश ही जुन्या वेशीवरची घंटा 1775 मध्ये ओतलेली, वजन 7,800 किलो, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी वाजते. आम्हाला ती ऐकायला मिळाली नाही. कॅथेड्रलचा घंटामनोरा मुख्य इमारतीपासून सुटा उभा आहे. एवढ्या जड घंटांचे हादरे देवळाला बसू नयेत म्हणून तो तसा बांधला.

सहल संपली तिथे एका दुकानात कानले मिळत होते. बाहेरून करपलेल्या गुळासारखे, आतून मऊ, व्हॅनिला आणि रमचा वास. वाईन नितळ करायला अंड्यातला पांढरा बलक वापरायचे, उरलेला पिवळा ख्रिस्ती मठातल्या जोगिणींना द्यायचे आणि त्यातून हा पदार्थ निघाला, असं सांगतात. अंडं आणि रम, म्हणजे आप्पांना चालणारं नव्हतंच. मी खाल्लं आणि ते काचेतल्या साच्यांकडे बघत बसले. उभ्या खाचांच्या, लखलखीत तांब्याच्या वाट्या. “तांबं काही यांचा पिच्छा सोडत नाही,” ते म्हणाले.

तिसरा दिवस

ज्याच्यासाठी आलो होतो त्याच्याकडे आज जायचं होतं. कूर पास्तर या रस्त्यावर आक्वितेन संग्रहालय आहे. ही इमारत 1886 मध्ये उघडली ती विद्यापीठाच्या साहित्य आणि विज्ञान शाखांसाठी. पिएर-मारी-अलेक्सी मिलार्दे 1876 पासून इथल्या विज्ञान शाखेत वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. आपल्या कृषीच्या पुस्तकांत त्यांचं नाव ‘मिलार्डेट’ असं छापलेलं असतं. आप्पांनी आत शिरताना उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला.

जिन्याजवळच्या बाकावर बसून मी त्यांना सगळं सविस्तर सांगितलं. 1860 च्या दशकात अमेरिकेतून फायलॉक्सेरा नावाचा बारीक किडा आला आणि फ्रान्सच्या वेलींची मुळं खाऊन टाकू लागला. कुठल्याच औषधाला तो पुरता बधला नाही. शेवटी उपाय निघाला तो अमेरिकन वेलीचाच. त्या मुळांना हा किडा मारू शकत नव्हता, म्हणून खुंट अमेरिकेचा आणि वर कलम फ्रान्सचं. मिलार्दे यांनी या खुंटांवरही वर्षानुवर्षं काम केलं. त्यांनी द ग्रासे यांच्यासोबत तयार केलेला ‘41 बी’ खुंट आजही लावतात.

“म्हणजे डॉगरिजसारखं,” आप्पा म्हणाले. अगदी तसंच. आमची थॉमसन डॉगरिज नावाच्या खुंटावर बांधलेली आहे आणि डॉगरिजचं मूळ टेक्सासात. दुष्काळी, खारवट जमिनीत तग धरतो म्हणून नाशिककडे तो घरोघर आला.

पण अमेरिकन वेलींचा हा राबता सुरू झाला त्याच काळात तिथली बुरशीही आली. 1878 मध्ये फ्रान्सच्या बागांत डाऊनी मिल्ड्यू पहिल्यांदा सापडला. पानाच्या वर तेलकट डाग, खाली पांढरी लव, आणि दमट हवा राहिली की आठवड्यात बाग उघडी. पहिल्या संकटातून वर यायच्या आतच हे दुसरं.

“खुंटासंगं डावण्या आला.” आप्पांनी मान हलवली. “अन् मग?”

मग 1885. त्या वर्षी मिलार्दे यांनी आपलं मिश्रण जाहीर केलं. रसायनाच्या बाजूने त्यांना पाश्चरचे शिष्य युलिस गेयों यांची साथ होती. पहिलं प्रमाण मी वहीत लिहून आणलं होतं, ते वाचून दाखवलं. 100 लिटर पाण्यात 8 किलो मोरचूद, 30 लिटर पाण्यात 15 किलो चुना, मग दोन्ही एकत्र. आप्पा ताडकन उठून बसले. “आठ किलो? अगं पानं करपतील!” फवारणीचे पंप नव्हतेच, छोट्या झाडूंनी ते वेलींवर शिंपडायचे, असं सांगितल्यावर ते जरा शांत झाले. “मग राबडीच झाली ती. थेंब जिथं पडंल तिथंच बसणार.” पुढे बराच वेळ ते हिशोब करत होते. आठ किलोवरून एका किलोवर यायला किती जणांचे हात निळे झाले असतील, असा काहीसा तो हिशोब असावा.

त्याच इमारतीत गुलामांच्या व्यापारावरची दालनं आहेत. काल ऐकलेलं आज जहाजांच्या नकाशांत, हिशेबवह्यांत समोर होतं. आप्पांना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी एकही दालन चुकवलं नाही.

दुपारी शार्त्रों. शहराच्या उत्तरेचा हा व्यापाऱ्यांचा भाग. कार्थुसियन जोगींच्या मठावरून नाव पडलं. डच, जर्मन, इंग्रज, आयरिश घराण्यांनी इथे पेढ्या आणि तळघरं बांधली. घरं अरुंद आणि लांबच लांब, पुढे पेढी, मागे पिंपं. बोर्दोचं पिंप 225 लिटरचं, त्यात सुमारे 300 बाटल्या. शेतकऱ्याकडून वाईन पिंपातच यायची आणि ती मुरवायची, मिसळायची, कुणाच्या नावाने विकायची हे शार्त्रोंमध्ये ठरायचं. मूतों या प्रसिद्ध बागेने 1924 मध्ये सगळी वाईन स्वतःच्या अंगणात बाटलीत भरायला सुरुवात केली, तेव्हा ते बंड वाटलं होतं. व्यापाऱ्याच्या गाडीत माल चढला की आपलं नाव पुसलं जातं, हे आप्पांना मी वेगळं सांगायची गरज नव्हती. पिंपळगावच्या बाजारात ते चाळीस वर्षं गेले आहेत.

पुढे सिते द्यू व्हँ, 2016 मध्ये उघडलेलं वाईनचं मोठं संग्रहालय. 55 मीटर उंच, वळसे घेतलेली चकचकीत इमारत. आतली दृश्यं, वास, आवाज सगळं नेटकं. तरी मला ती जागा फारशी भिडली नाही, मातीपासून फार दूर वाटली. तिकिटात सर्वात वरच्या मजल्यावर एक पेला वाईन मिळते. आप्पांसाठी मी द्राक्षाचा रस मागितला आणि तिथल्या लोकांनी तो हसत दिला. वरून नदीची चंद्रकोर पूर्ण दिसते. “गोडी चांगली आहे,” आप्पा रसाबद्दल म्हणाले. “बावीस ब्रिक्सच्या खाली नाही.”

चौथा दिवस

शेवटचा दिवस बागेचा. सेंट-झाँ स्टेशनवरून पोयाकला जाणारी लहान गाडी मेदोक भागातून जाते. सव्वा तासात पोचलो आणि तिथून दक्षिणेला सां-ज्युलियांपर्यंत पायी, पाच किलोमीटर. डाव्या हाताला ‘लातूर’ (आपलं नव्हे, फ्रेंच नावाचं) या प्रसिद्ध बागेतला गोल बुरूज लागला. 1855 च्या पॅरिस प्रदर्शनासाठी दलालांनी बाजारभाव बघून इथल्या बागांची प्रतवारी लावली. त्यात पहिल्या प्रतीत चार नावं होती, त्यांतलं हे एक. ती यादी आजही जवळपास तशीच आहे. 1973 मध्ये मूतोंला वर घेतलं, तेवढा बदल.

आप्पा त्या बुरुजाकडे बघतसुद्धा नव्हते. ते ओळींच्या टोकाला उकिडवे बसले होते. “एवढ्याशा वेली?” आमच्याकडे वाय आकाराचा मांडव डोक्यापर्यंत असतो, एकरी हजाराच्या आसपास झाडं. इथे कमरेइतकी उंची आणि हेक्टरी दहा हजारांपर्यंत वेली, म्हणजे एकराला चार हजार. “वाकून वाकून कंबर जात असंल बायांची.” ठिबकच्या नळ्या त्यांनी दोन-तीन ओळींत शोधल्या. फळावरच्या वेलींना इथे पाणी द्यायला सहसा परवानगी नाही, पावसावरच पीक. खालची गारगोटी हातात घेऊन त्यांनी एकमेकींवर घासली. “हा तर मुरूम. पाणी थांबत नाही, अन् दिवसभराचं ऊन रात्री वेलीला देतो. जमीन बघूनच लावलंय ह्यांनी.” मेदोकच्या मोठ्या बागा याच गोट्यांच्या उंचवट्यांवर आहेत. खालच्या दलदलीतून पाणी काढायला सतराव्या शतकात डच आले होते.

आणखी एका गोष्टीने ते थबकले. इथे छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. आमच्याकडे एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळछाटणी. “ह्यांच्या वेली चार महिने झोपतात,” ते म्हणाले. “आपल्या बिचाऱ्या कधी झोपतच नाहीत.”

सां-ज्युलियां गावाच्या तोंडाशी वाईनची एक भलीमोठी बाटली उभी केली आहे. ते गाव ओलांडून पुढे द्युक्रू-बोकायू या बागेच्या बाजूला गेलो. ‘बोकायू’ म्हणजे सुंदर गोटे. 1882 च्या ऑक्टोबर अखेरीस मिलार्दे या गावच्या रस्त्याने चालले होते. डाऊनीने बागाच्या बागा उघड्या पडल्या होत्या, पण रस्त्याकडेच्या ओळींवर पानं होती. हिरवी, आणि वर निळसर भुकटी. त्यांनी विचारपूस केली. येणारे-जाणारे घड तोडतात म्हणून शेतकरी कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. विष वाटावं, चोराने हात लावू नये, एवढाच हेतू. द्युक्रू-बोकायूचे व्यवस्थापक एर्नेस्त दाविद यांच्यासोबत पुढची तीन वर्षं त्यांनी प्रयोग केले. या मातीतल्या कुणा शेतकऱ्याने चोराच्या भीतीने केलेली युक्ती, आणि ती बघून थांबलेला एक मास्तर. त्या शेतकऱ्याचं नाव कुठल्याच पुस्तकात मला मिळालेलं नाही. काल-परवा शहरात इतक्या व्यापाऱ्यांची नावं ऐकली, वाचली. हे एक नाव असायला हवं होतं, असं मला त्या रस्त्यावर उभं राहून मनापासून वाटलं.

“आपला आबा पण हेच करायचा,” आप्पा म्हणाले. आबा म्हणजे माझे आजोबा. “शाळंच्या वाटंच्या दोन ओळींना जास्त मारायचा. पोरं घड तोडायची ना.”

आम्ही एका लहान बागेच्या कडेला आलो. मणी नुकतेच धरले होते, ज्वारीच्या दाण्याएवढे. आप्पांनी सवयीने एक पान उलटं केलं, खालची बाजू उजेडाकडे धरली. लव नव्हती. मग सुलटं केलं. पानावर निळसर पांढरे ठिपके होते, शिरांच्या कडेने जरा दाट. तांब्यावर आता युरोपात मर्यादा आहे, 7 वर्षांत हेक्टरी 28 किलो, कारण ते मातीत साठत जातं. पण मर्यादेत का होईना, दीडशे वर्षांनीही ते इथे मारतात.

आप्पांनी पानाचा फोटो काढायला सांगितला आणि मी तो धाकट्या भावाला पाठवला. निफाडला तेव्हा संध्याकाळ होत आली होती, पाऊस सुरू होऊन चार दिवस झाले होते आणि तोही बागेतच होता. मिनिटभरात त्याचं उत्तर आलं, “किती टक्क्याचा मारलाय?”

मी वाचून दाखवलं. आप्पांनी अंगठा पानावरून हलकेच फिरवला, बोटावर चोळून पाहिलं आणि उन्हात धरलं.

“लिही त्याला, पाऊण टक्का असंल. अन् म्हणावं, चुना चांगला निवळलेला आहे ह्यांचा.”